आत्मविश्वासाचे दहा गुण

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मी भाचीकडे फराळाला गेलो होतो. चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच तिने अंगणाकडे तोंड करून चिरंजिवांना हाक मारली. चिरंजीव इयत्ता चौथीत. बाहेर किल्ल्याचे काम जोरात चालले होते, त्यामुळे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. "मामा, हा भाषण किती सुंदर करतो, ऐकाच तुम्ही! तालुक्यात दुसरा आलाय," असे म्हणत भाचीने त्याचे हात ओल्या फडक्याने पुसले आणि त्याला बैठकीच्या मधोमध उभे केले. वडिलांनी मोबाईल सरसावला. मुलाने एकदा छताकडे पाहिले, एक दीर्घ श्वास घेतला आणि खाडकन सुरुवात केली :

"सन्माननीय अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो!"

मी सभोवार पाहिले. अध्यक्ष कोणी नव्हते. गुरुजनवर्ग म्हणावा तर मी एकटा, तोही सेवानिवृत्त आणि तोंडात चकली असलेला. आणि बालमित्र? ते सगळे बाहेर किल्ल्यापाशी, हा कधी सुटतो याची वाट पाहत ताटकळत उभे होते.

भाषण गडकिल्ल्यांवर होते. चार मिनिटे ते धबधब्यासारखे कोसळत राहिले. एका ठरावीक वाक्याला उजवा हात आभाळाकडे गेला, दुसऱ्या ठरावीक वाक्याला मूठ छातीवर आली, आणि "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" या वाक्यावर धबधबा एकाएकी आटला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग जित्याची खोड म्हणा, मी विचारले, "बाळ, तू मघाशी बुरूज बुरूज म्हणालास. बुरूज म्हणजे काय रे?"

मुलाने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "अरे, सांग की! पाठ आहे ना तुझं?"

त्या एका वाक्याने माझा पाडवा कडू केला. आणि त्या वाक्याशी भांडण्यासाठीच हा लेख लिहायला मी बसलो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, चारचौघांत धीटपणे बोलायला शिकवण्याच्या नावाखाली आपण आपल्या मुलांना न बोलायला शिकवत आहोत. आपण त्यांना आवाज देतो आणि वाक्य काढून घेतो. आत्मविश्वास नावाचा एक अंगरखा आपण शिवून ठेवला आहे. तो ज्याच्या अंगात चढला तो वक्ता, आणि ज्याला सैल झाला किंवा आखूड पडला तो भित्रा, असा आपला हिशेब. हा हिशेब मुळातूनच चुकलेला आहे.

हे मी दुरून बघणाऱ्याच्या ऐटीत बोलत नाही. मी या गुन्ह्यातला जुना आरोपी आहे. चौतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले आणि त्यांतली निदान तीस वर्षे वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांना भाषणे लिहून दिली. टिळक पुण्यतिथीचे वेगळे, बालदिनाचे वेगळे, वृक्षारोपणाचे वेगळे. कोणत्या वाक्याला थांबायचे, कुठे हात उचलायचा, हे मी समासात लाल शाईने लिहून देत असे. शाळेच्या कपाटातल्या ढालींची रांग वाढत गेली आणि माझी ख्यातीही. इतर शाळांतले पालक माझ्या भाषणांच्या नकला मागून नेत. मला त्याचा अभिमान वाटे. आज सांगायला लाज वाटते, पण वाटे हे खरे.

याच ख्यातीमुळे मला परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली. एका आंतरशालेय स्पर्धेतली गोष्ट. विषय होता 'पाणी हेच जीवन'. परीक्षकांच्या हातात गुणपत्रक दिले होते : विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव आणि आत्मविश्वास. प्रत्येकी दहा गुण. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. दोन परिच्छेद तिने नीट म्हटले. तिसऱ्याच्या तोंडाशी तिला अडखळले. पुन्हा मागून उडी घेतली, पुन्हा तिथेच पाय अडकला. सभागृहात मागे खसखस पिकली. तिच्या शिक्षिका पहिल्या रांगेतून ओठ हलवून शब्द पुरवू लागल्या. मुलगी क्षणभर गप्प उभी राहिली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "पुढचं मला आठवत नाही. पण आमच्याकडे पाणी टँकरनं येतं. टँकर कधी येईल ते कुणी सांगत नाही. आला की हंडा धरायला मीच असते. म्हणून सोमवारी मी शाळेत नव्हते. बाईंना वाटलं, मी अभ्यास चुकवला." इतके बोलून ती खाली बसली. घंटा वाजायला अजून दोन मिनिटे होती.

तिच्यानंतर एक मुलगा आला. खणखणीत आवाज, ताठ मान, एकही शब्द निसटला नाही. त्याचे भाषण ऐकताना मला चमत्कारिक वाटू लागले. पुढचे वाक्य तो बोलायच्या आधीच मला ठाऊक असे. ते भाषण माझेच होते! बारा वर्षांपूर्वी कोणासाठी तरी लिहिलेले, हस्ते परहस्ते फिरत तिथवर पोचलेले. त्या वेळी घाईत मी एका नदीचा उगम भलत्याच जिल्ह्यात लिहिला होता; ती बिचारी बारा वर्षे तिथूनच उगम पावत होती.

आणि मी काय केले? त्या मुलाला आत्मविश्वासाचे नऊ गुण दिले. मुलीला दिले दोन. गुणपत्रकाचा नियमच तसा होता ना! ढाल मुलाच्या शाळेला गेली. त्या दिवशी त्या व्यासपीठावर पाण्याविषयी खरोखर काही बोलणारे एकच माणूस होते आणि आम्ही तिघा शहाण्या परीक्षकांनी तिला शेवटून दुसरी ठरवली.

आता ही स्पर्धांची गोष्ट जुनी झाली म्हणावी, तर तिची नवी बहीण अधिक नटून आली आहे. शहराच्या कोणत्याही पेठेत पाहा, 'व्यक्तिमत्त्व विकास', 'सभाधीटपणा', 'प्रभावी वक्तृत्व' अशा पाट्या दिसतात. इतक्या दिवसांत भीती घालवून देऊ, अशी हमीही असते. काही वर्ग चांगले असतील. मी सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. पण बहुतेक ठिकाणी शिकवतात ते काय? आरशासमोर उभे राहा. छाती पुढे काढा. स्मित करा. हात असे ठेवा, तसे ठेवू नका. विषय कोणताही चालेल! हे "विषय कोणताही चालेल" मला सर्वांत भयंकर वाटते. ज्याला कोणत्याही विषयावर तितक्याच धीटपणे बोलता येते, त्याला आपल्या गावात पूर्वी एक वेगळे नाव होते आणि ते फारसे आदराचे नव्हते.

या वर्गांत एक गोष्ट हटकून सांगतात : ग्रीस देशचा डेमॉस्थेनीस तोंडात गारगोट्या धरून, समुद्राच्या गाजेवर आवाज चढवून बोलण्याचा सराव करी आणि त्यातून तो थोर वक्ता झाला. प्लुटार्कने ती लिहून ठेवली आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. पण या कथेचा पहिला अर्धा भाग का गाळता? डेमॉस्थेनीस सात वर्षांचा असताना त्याचे वडील वारले आणि ज्यांच्या हवाली इस्टेट केली होती त्या पालकांनीच ती बव्हंशी गिळली. वयात आल्यावर विशीतल्या या पोराला अथेन्सच्या न्यायालयात उभे राहून त्यांच्याविरुद्ध स्वतः बोलावे लागले. आधी फिर्याद होती. गारगोट्या मागून आल्या. आपण फिर्याद टाकून देतो आणि मुलांच्या तोंडात नुसत्या गारगोट्या कोंबतो.

घरचेच उदाहरण हवे असेल तर गांधीजींचे घ्या. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेला हा तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात आपला पहिला खटला चालवायला उभा राहिला. साक्षीदाराची उलटतपासणी करायची होती. पण डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला आणि घेतलेली तीस रुपये फी परत करून बाहेर पडला. विलायतेतही अन्नाहारी मंडळाच्या बैठकीत त्याने आपले म्हणणे कागदावर लिहून नेले आणि ते दुसऱ्याने वाचून दाखवले होते. हे सर्व त्यांनीच 'सत्याचे प्रयोग' मध्ये मोकळेपणी सांगितले आहे. पुढे १८९३ साली प्रिटोरियात त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा भरवली आणि व्यापारातल्या सचोटीविषयी भाषण केले. आपल्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण तेच, असे ते म्हणतात. मधल्या दोन वर्षांत ते कोणत्या वर्गाला गेले होते? कोणत्याही नाही. मधल्या काळात पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असताना त्यांना मॅरित्झबर्गच्या स्टेशनावर गाडीतून खाली उतरवले गेले होते, आणि आपल्या माणसांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मुंबईत त्यांच्याजवळ फक्त फी होती; प्रिटोरियात सांगण्याजोगे काही होते. आणि विशेष हे की, आपल्या त्या लाजाळूपणाला ते आयुष्यभर धन्यवाद देत राहिले. त्याने आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवले, असे त्यांचे मत होते. आमच्या गुणपत्रकात अशा माणसाला दहापैकी किती मिळाले असते, ते वाचकांनीच ठरवावे.

"ठीक आहे, पण मग शिकवायचे तरी काय?" असे कोणी विचारील. विचारायलाच हवे, नुसते तोडायचे आणि जोडायचे नाही, हा धंदा सोपा आहे. चारचौघांत बोलणे ही शिकण्याजोगी गोष्ट आहे याविषयी मला मुळीच शंका नाही. तिची मुळाक्षरे आहेत. फक्त ती आरशात सापडत नाहीत.

पहिले मुळाक्षर म्हणजे ऐकणाऱ्याचा प्रश्न. आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या, तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. वय अठरासुद्धा पुरे नव्हते. विवाहित ब्राह्मण मुलगी, समुद्र ओलांडून एकटी निघालेली. लोकांनी तिला प्रश्न विचारून आणि नावे ठेवून हैराण केले होते. तिने काय केले? ते प्रश्नच एकापुढे एक मांडले. मी अमेरिकेला का जाते? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? संकट आले तर? आजवर कोणी स्त्रीने केले नाही ते मीच का करावे? आणि एकेकाला उत्तर देत ती पुढे गेली. भाषण रचण्याची याहून चांगली रीत मला चौतीस वर्षांत सापडली नाही. बोलायला उभे राहण्याआधी कागदावर समोरच्याच्या मनातले चारपाच प्रश्न लिहा. उत्तरे ठाऊक असतील तर तुमचे भाषण तयार आहे. ठाऊक नसतील तर उभे राहू नका, आधी माहिती काढा. भीतीचा निम्मा भाग हा भित्रेपणा नसतोच मुळी. आपल्याला विषय पुरता ठाऊक नाही याची ती प्रामाणिक जाणीव असते. ती औषधाने घालवायची नसते, अभ्यासाने घालवायची असते.

दुसरे मुळाक्षर : भाषण पाठ करू नका, खुंट्या ठोका. पाठ केलेले भाषण म्हणजे साखळी. एक कडी तुटली की पुढचे सगळे विहिरीत. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पक्के करावे. मधल्या मुद्द्यांचे चार शब्द एका कार्डावर लिहावेत. कार्डावर म्हणतो, पातळ कागदावर नव्हे. कारण हात थोडा कापला तरी पातळ कागद पानासारखा सळसळतो आणि चहाडी करतो. खुंट्या मजबूत असल्या की वाक्ये त्यांवर आपोआप टांगली जातात. रोज थोडी वेगळी टांगली गेली तरी बिघडत नाही.

तिसरे मुळाक्षर आपल्या भाषेचे आहे आणि ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले मी पाहिले नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार तर बहुधा क्रियापदाच्याही नंतर येतो. "यंदा वर्गणी वाढवावी असे मला वाटत नाही." आता नवखा वक्ता काय करतो? वाक्याच्या सुरुवातीला श्वास उधळतो आणि शेवटी दम संपून आवाज पाडतो. "नाही" त्याच्या ओठांतच राहते. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात, हा वाढवा म्हणाला. निम्मे म्हणतात, नको म्हणाला. सभेचा वृत्तांत लिहिणारा आपल्या सोयीचे लिहून मोकळा होतो. म्हणून मराठी बोलणाऱ्याने श्वास शेवटच्या शब्दासाठी राखून ठेवावा. वाक्ये आखूड करावीत. शेवटचा शब्द पुरता उच्चारावा, मग थांबावे, मग दुसरे वाक्य. एवढे एक पथ्य पाळले तरी भित्रा वाटणारा माणूस अर्ध्या तासात ठाम वाटू लागतो. आणि त्यात नाटक काहीच नसते.

चौथे, छातीची धडधड. तिच्याविषयी इतके बोलले जाते की, मुलाला ती झाली नाही तरी आपले काही चुकले असे वाटावे! उभे राहताना काळीज जोरात उडते, तोंड कोरडे पडते, तळहात गार होतात. ही शरीराची तयारी आहे, रोग नव्हे. ती जाण्याची वाट पाहू नये. तिच्यासकट उभे राहावे. उभे राहिल्यावर लगेच तोंड उघडू नये. श्वास आत ओढण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडावा. शेवटच्या रांगेतला एखादा चेहरा निवडावा आणि पहिले वाक्य त्याला सांगावे. बहुतेकांचे पहिले मिनिट, दीड मिनिट वाईट जाते, मग विषय हाताला धरून नेतो. आणि एक गुपित सांगतो : आपले कापणे आपल्याला जेवढे जाणवते त्याच्या पावपटही समोरच्याला दिसत नाही. समोरचा बहुधा आपली चप्पल कुठे काढली त्याचा विचार करत असतो.

पाचवे, थांबणे. शेवटचे वाक्य झाले की बसावे. वीस मिनिटे बोलून "दोन शब्द संपवतो" म्हणणे हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने असत्य आहे.

यांहून अधिक असे फारसे काही नाही. उरतो तो सराव, आणि सरावाची सर्वांत लहान पायरी भाषण नव्हेच. ती प्रश्न विचारणे. ज्याला सभेत बोलायची भीती वाटते त्याने आधी पाच सभांत उभे राहून एकेक प्रश्न विचारावा. "या खर्चाची पावती आहे का?" हे पाच शब्द नीट उच्चारणारा माणूस मला ढाल मिळवणाऱ्या दहा मुलांपेक्षा मोठा वक्ता वाटतो.

माझ्यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. भाचीनेच घेतला : "मामा, पण भीड तर चेपते ना!" चेपते. पण कोणती? दुसऱ्याची वाक्ये बोलण्याची. स्वतःचे बोलायची वेळ आली की हाच धीट मुलगा आईकडे पाहतो; कारण आपले शब्द सभेत चालत नाहीत, सभेसाठी शब्द बाहेरून आणावे लागतात, हेच आपण त्याला वर्षानुवर्षे शिकवलेले असते. दुसरा आक्षेप पाठांतराचा. पाठांतराला माझा विरोध नाही. श्लोक पाठ करावेत, कविता पाठ कराव्यात. जिभेला वळण लागते, कानाला लय कळते. पण ते पाठांतर म्हणून करावे आणि त्याला पाठांतराची ढाल द्यावी. त्याला भाषण म्हणू नये. तिसरा आक्षेप व्यवहाराचा : "आजकाल मुलाखतीत धीटपणा बघतात हो!" बघत असतील. पण धीटपणा पहिल्या पाच मिनिटांपुरता पुरतो. सहाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतोच, बुरूज म्हणजे काय?

आणि ज्यांची तयारी आयुष्याने करून घेतलेली असते त्यांना धीटपणाचा अंगरखा लागत नाही. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत अध्यक्षांनी डॉ. आंबेडकरांचे नाव अचानक पुकारले. बाबासाहेबांनी उभे राहून सरळ सांगितले की, हे बोलावणे मला अनपेक्षित आहे. माझ्या आधी वीस-बावीस जण असल्याने माझी पाळी उद्या येईल असे वाटले होते. आज मी तयारी न करता आलो आहे. मग ते जे बोलले ते त्या सभागृहातल्या गाजलेल्या भाषणांपैकी एक ठरले. "मी तयारीने आलो नाही" हे वाक्य आमच्या वर्गात उच्चारले तर आत्मविश्वासाचे गुण जातात. तिथे ते निखळ खरे होते आणि त्यामागे तीस वर्षांचा अभ्यास उभा होता.

इथवर मी बोलणाऱ्यांविषयी बोललो. पण माझा खरा रोख ऐकणाऱ्यांवर आहे, म्हणजे तुमच्यामाझ्यावर. १८८९ साली काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी मुंबईत सामाजिक परिषद भरली होती. तिथे पंडिता रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज सभेला पोचेना. तेव्हा त्यांनी सभेतल्या पुरुषांना ऐकवले की, माझा आवाज लहान आहे यात नवल काय, तो मोठा करण्याची संधी तुम्ही स्त्रीला दिलीच कधी! ही आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. हीच रमाबाई त्याआधी सात वर्षांपूर्वी, १८८२ साली, पुण्यात हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष देऊन आली होती. तिला आत्मविश्वासाचा तुटवडा होता असे कोण म्हणेल? तुटवडा होता तो कानांचा.

तो तुटवडा आजही आहे. आपला महाराष्ट्र व्याख्याने ऐकणारा प्रांत म्हणून मिरवतो आणि ते खोटेही नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. पण आपण ऐकतो ते नामवंतांना. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत तळमजल्यावरच्या आजीबाई टाकीच्या पाण्याविषयी बोलू लागल्या की, आपण घड्याळ पाहतो. १९९३ पासून गावाच्या कारभारात एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. तरीही सरपंचबाई खुर्चीत आणि बोलतात मात्र त्यांचे यजमान, असे दृश्य पाहिले नाही असा माणूस विरळा. त्या बाईला सभाधीटपणाच्या वर्गाला पाठवा असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. यजमानांना गप्प बसण्याच्या वर्गाला पाठवा असे सुचवणारा मला अजून भेटायचा आहे!

आणि घरी? घरी आपण मुलाचे वाक्य पुरे होऊ देतो का? तो "मला वाटतं की..." म्हणतो आणि आपण "बरं बरं, आधी दूध संपव" म्हणतो. तीच मुले मग आठवड्यातून दोनदा फी भरून, अनोळखी माणसाकडून, बोलायला शिकतात. सभाधीटपणाची पहिली शाळा जेवणाच्या पानावर भरते आणि तिथे शिक्षकाने करायचे काम एकच, मध्ये न बोलणे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळांनी वक्तृत्व स्पर्धा खुशाल घ्याव्यात. पण गुणपत्रकातला आत्मविश्वासाचा रकाना खोडून टाकावा आणि तिथे लिहावे : 'आम्हांला नवे काय कळले?' भाषण संपल्यावर प्रत्येक मुलाला दोन प्रश्न विचारावेत आणि गुण त्यांच्या उत्तरांना द्यावेत. शिक्षकांनी भाषणे लिहून देणे थांबवावे. मी थांबवले, फार उशिरा थांबवले. आणि पालकांनी या दिवाळीत फराळाला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलाला उभे करून "म्हणून दाखव" म्हणू नये. पाहुण्यांना घेऊन मुलाच्या किल्ल्यापाशी जावे.

मी तेच केले. चकली हातात घेऊन अंगणात गेलो आणि म्हटले, "हे काय रे गोल गोल?" "हे होय आजोबा? मागच्या वर्षी हे कोपरे चौकोनी केले होते, ते पावसात ढासळले. म्हणून यंदा गोल केले. आधी दगड, त्यावर ओलं गोणपाट, मग चिखल थापायचा. नुसत्या चिखलाला भेगा पडतात. आणि इथून बघा, दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो, म्हणून मावळा इथेच ठेवलाय." अळीव कधी पेरले, सलाइनच्या नळीचे कारंजे का उडत नाही, वाघ गुहेत मावत कसा नाही, सारे त्याने सांगितले. हात जिथे दाखवायचे तिथे आपसूक जात होते. आवाज एकदाही पडला नाही. बुरूज म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. फक्त तो शब्द त्या वस्तूला कोणी जोडून दिला नव्हता. मी तो जोडून दिला. भाचीही दारात येऊन उभी होती. ती ऐकत होती. मोबाईल आत राहिला होता.

त्या टँकरच्या मुलीचे नाव मला आज आठवत नाही. ती आता तिशीच्या घरात असेल. कुठल्यातरी सभेत मागच्या रांगेत बसून ऐकत असेल, किंवा देव करो, उभी राहून बोलत असेल. हा अंक तिच्या घरी आला तर तिला सांगावे म्हणून लिहून ठेवतो : बाई, त्या दिवशी माझ्याकडून हिशेबात चूक झाली. तुझे आठ गुण माझ्याकडे बाकी आहेत.